येथे ड्रोन उडवू नये

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. 'जुना' म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण मला जन्माला येऊन फार वर्षे झालेली नाहीत. पण आमच्यात म्हातारपण लवकर येते. बाजारात नवा ड्रोन आला की आमच्या बॅटऱ्या मिळेनाशा होतात, पाती मिळेनाशी होतात, आणि कालपर्यंत ज्याला बघायला आळीतली पोरे जमायची तो कपाटावर जाऊन बसतो. मीही सध्या बदलापुरात, कुळगावातल्या एका घरात, कपाटावरच आहे. शेजारी एक बंद पडलेला मिक्सर आहे. बोलायला दुसरे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. पोटात कॅमेरा बसवला तेव्हा डोळ्यांपुढे एकदम छतावरचा दिवा आला, एवढेच आठवते. त्यानंतर खोका, अंधार आणि उल्हासनगरच्या भूपेशभाईंच्या दुकानातले काचेचे कपाट. तिथून मला सुयोगने उचलले. सुयोग मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. पुढच्या सफरीला निघण्याआधी त्याने मला आईच्या, म्हणजे कौसाबाईंच्या, हातात ठेवले.

"आई, मी तिकडे पाण्यात असताना तू मला इथलं दाखवत जा," तो म्हणाला. "आपलं शेत, नदी, सगळं. वरून."

"ह्यो भिंगरा मी उडवू?" कौसाबाई म्हणाल्या. "मेला साधा मोबाईल माझं ऐकत नाय."

पण मी ऐकले. उल्हास नदीच्या काठी त्यांचा भाताचा तुकडा आणि भेंडीचे वाफे होते. तिथे त्या शिकल्या. पहिल्या दिवशी मी तीनदा भेंडीत पडलो. आठवडाभरात त्या मला पदर खोचून, एका हाताने डोळ्यांवर सावली धरून, झाडांच्याही वर नेऊ लागल्या. माझे वजन पाव किलोच्या आत, म्हणून मला उडवायला परवाना लागत नाही. पण जागा बघावी लागते. सरकारचा एक नकाशा असतो. त्यात हिरव्या जागी उडवा, पिवळ्या जागी आधी विचारा, लाल जागी नावच काढू नका. अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना आहे, त्या बाजूला फिरकायचे नाही, हे सुयोगने निघता निघता आईला बजावले होते. कौसाबाईंनी ते कधी मोडले नाही.

ती माझी चांगली वर्षे होती. मी भाताचे पिवळे चौकोन टिपले, नदीत पोहणाऱ्या म्हशी टिपल्या, शेताच्या कडेपर्यंत सरकत आलेल्या नव्या इमारती टिपल्या. ते सारे सुयोगला पोचायचे, कुठल्या कुठल्या समुद्रात. लोक कौसाबाईंना 'विमानवाली' म्हणू लागले. त्या वरवर रागवायच्या, पण मला पुसायच्या ते नव्या सुती फडक्याने.

मग एका सफरीत सुयोगच्या डाव्या हातावर कढईतले तेल उडाले.

"थोडंसंच गं," तो फोनवर म्हणाला. "औषध लावलंय. बरं होतंय."

त्यानंतर व्हिडिओ कॉलवर फक्त त्याचा चेहरा दिसे. कौसाबाई म्हणत, "डावा हात दाखव." तो म्हणे, "नेटवर्क जातंय, आई," आणि खरोखरच पडदा काळा होई. दर वेळी, नेमका तेव्हाच.  हा मुलगा लहानपणी पाय मुरगळला तरी चालत घरी येऊन 'काही नाही' म्हणणारा. त्यातून पुढच्या सफरीला त्याला मुख्य स्वयंपाक्याची जागा मिळणार होती. आजारी म्हणून उतरवले असते, तर ती गेली असती.

अशात कळले की त्याचे जहाज आपल्याच किनाऱ्यावरच्या एका शहराबाहेर नांगर टाकून थांबणार आहे. बंदरात जागा मोकळी होईपर्यंत, फार तर दोन-तीन दिवस. खलाशांना उतरायला परवानगी नव्हती. त्या शहराचे नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती. पण मला तिथे जो मनस्ताप झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

"तो दाखवत नाय ना? मग मी जाऊन बघते," कौसाबाई म्हणाल्या आणि मला पिशवीत घातले. त्यांची मुलगी शलाका आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होती. तिने रजा टाकली. रात्रभर एसटीत मी तिच्या मांडीवर होतो.

सकाळी समुद्र दिसला. तो मी पहिल्यांदाच पाहत होतो. एवढे मोकळे आकाश! मला वाटले, इथे माझ्यासारख्याला कोण अडवणार? लांबवर जहाजे उभी होती. कौसाबाईंनी मला वाळूवर ठेवले, आणि पाती फिरण्याआधीच शिट्टी वाजली.

"ओ मावशी! ड्रोन बंद आहे इथे. बोर्ड वाचला नाही का?" पोलीस धावत आला. 'येथे ड्रोन उडवू नये' अशी पाटी खरेच होती, सरबताच्या गाडीमागे झाकली गेलेली.

"मग कुठं उडवू, बाबा?"

"ते मला माहीत नाही. इथे नाही."

तिथून आम्ही किल्ल्यावर गेलो. पायऱ्या चढून कौसाबाईंना धाप लागली. वरचा रखवालदार म्हणाला, "पुरातत्त्वाची जागा आहे, इथे नाही." दीपगृहाच्या फाटकावर पिशवी उघडून मला पाहिले आणि पिशवीसकट परत पाठवले. ज्या लॉजवर उतरलो होतो त्याच्या गच्चीवर जावे, तर मालक हात जोडून म्हणाला, "ताई, मागच्याच महिन्यात एका पाहुण्याने उडवला, पोलीस माझ्याकडे आले. इथे तर नकोच." शलाका जिथे जाईल तिथे फोनवर तो सरकारी नकाशा उघडून बघत होती.

"आई, पुरा लाल आहे. इकडे बंदर, तिकडे विमानतळ, मध्ये तटरक्षक दल. हे बघ, सगळं लालच लाल."

"मग परवानगी मागू. मागून देतील की."

मित्रांनो, दुसरा दिवस आम्ही परवानगी मागण्यात घालवला. पोलीस चौकीतून कलेक्टर कचेरीत पाठवले. कचेरीतल्या साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिले, पात्यांना बोट लावले, आणि "हे बंदर खात्याचं काम" असे सांगितले. बंदर खात्याच्या दारावर म्हणाले, "पोलिसांचं पत्र आणा." प्रत्येक टेबलावर मला पिशवीतून काढत आणि पुन्हा आत घालत. माझी बॅटरी भरलेली होती, पाती धडधाकट होती, बाहेर आभाळ निरभ्र होते, आणि मी मेजावरच्या पेपरवेटसारखा पडून होतो. उडण्यासाठी ज्याला घडवले त्याला असे पडून राहायला लावले की कसे वाटते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. 'नाही' म्हणायला सगळ्यांना येत होते. 'हो' कोणाच्या हातात आहे, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हते.

संध्याकाळी सुयोगचा फोन आला. "आई, उगाच का आलीस? उद्या बहुतेक आम्ही आत येऊ. माल उतरला की लगेच निघणार. मी मजेत आहे."

तो 'मजेत' हा शब्द कौसाबाईंना लागला. फोन बंद होताच त्या उठल्या आणि तरातरा चालत शहराच्या टोकाला, सुरूच्या बनात गेल्या. तिथे चिटपाखरू नव्हते. त्यांनी मला वाळूवर ठेवले आणि सुरू केले. माझे दिवे लागले. पाती गरगरली. खरे सांगतो, मलाही तेच हवे होते. दोन दिवसांचा राग माझ्या मोटारींत साठला होता.

"आई, बंद कर!" मागून शलाका धापा टाकत आली. "लाल आहे इथे."

"कोण बघतंय? पोराचा हात बघायचाय मला. चोरी करते का मी?"

"आणि पकडलं तर? जहाजावर कोण आहे, कशाला उडवत होता, सगळं विचारतील. दादाच्या जहाजाचं नाव येईल पोलिसात. त्याची नोकरी जाईल, आई. तुझ्यामुळे."

 कौसाबाईंनी बटण दाबले. माझी पाती थांबली. त्या समुद्राकडे तोंड करून वाळूत बसल्या. शलाकाने मला उचलले आणि माझ्या अंगावरची वाळू फुंकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा चौकीत गेल्या. या वेळी तिथे वृंदाताई नावाच्या हवालदार होत्या. कौसाबाई आत शिरताच जरा चढ्या आवाजातच म्हणाल्या, "कालच्यासारखं इकडून तिकडं पाठवू नका. नाय तर नाय म्हणून सांगा, मी जाते घरी."

वृंदाताईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. मला आधी सांगा, उडवायचंय कशाला?"

मित्रांनो, इतक्या जणांपैकी हे आम्हाला कोणीही विचारले नव्हते. कौसाबाईंनी सगळे सांगितले. तेलाचे, काळ्या पडद्याचे, न दाखवलेल्या हाताचे. वृंदाताई ऐकत होत्या. मग त्यांनी शलाकाचा फोन घेतला, नकाशा बोटांनी मोठा केला आणि सरकवत सरकवत खाडीच्या पलीकडे नेला.

"हे बघा. पलीकडचं गाव, त्याच्या टेकाडामागे. हिरवं आहे. आमची बंदीही या काठापुरतीच आहे. मी तिथल्या पोलीस पाटलांना फोन करते. पण जहाजापर्यंत न्यायचा नाही हं. हिरव्याच्या आतच राहायचं. आणि कॅमेरा बंदराकडे वळवायचा नाही."

"लांबून दिसेल का त्याचा हात?" कौसाबाईंनी विचारले.

"हात नाही दिसणार, मावशी. पण पोरगं दिसेल."

तरीच्या होडीतून आम्ही खाडी ओलांडली. टेकाडावर पाटील आधीच येऊन उभे होते. वारा जोराचा होता. मी वर गेलो. हिरव्या हद्दीच्या टोकाशी थांबून मी वाऱ्याशी झुंजत राहिलो. समोर उघड्या समुद्रात तांबडे जहाज उभे होते. कॅमेरा होता तेवढा ताणला तरी डेकवरची माणसे मुंगीएवढी. शलाकाने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"दादा, डेकवर ये. आई बघतेय."

"इतक्या लांबून काय दिसणार तुम्हाला?" तो हसला. खरेच, काहीच दिसत नव्हते. कौसाबाईंनी रिमोटवरचा पडदा नाकाशी धरला, लांब धरला, आणि वैतागून मान हलवली. एवढे सारे करून हाती काय आले, तर एक ठिपका.

मग त्या एकदम म्हणाल्या, "सुयोग, चादर आण. पांढरी."

"कशाला?"

"मला कळू दे तरी, तू कुठला ते. आण."

थोड्या वेळाने एका ठिपक्यापाशी पांढरे काहीतरी फडफडले. शलाका टाळ्या वाजवून ओरडली, "दिसला! आई, तो बघ दादा!"

कौसाबाई हसल्या नाहीत. "आता दोन्ही हातांनी धर," त्या फोनवर म्हणाल्या. "दोन टोकं दोन हातांत. पुरी पसरून दाखव."

चादर फडफडली, खाली गेली, पुन्हा वर आली. तिचे एकच टोक वर होते. दुसरे वाऱ्यावर लोळत होते. पुन्हा एकदा तसेच. वाऱ्याने मी हेलपाटत होतो, माझी बॅटरी संपत आल्याची सूचना लाल अक्षरांत लुकलुकत होती, पण मी कॅमेरा हलू दिला नाही.

"वारा आहे, आई," सुयोग म्हणाला.

"दोन्ही हातांनी धर, सुयोग."

चादर खाली गेली आणि पुन्हा वर आलीच नाही. मग फोनमधून त्याचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "नाही धरता येत. बोटं मिटतच नाहीत, आई. पू झालाय. कॅप्टनला सांगितलं नाहीये मी."

"आता सांग," कौसाबाई म्हणाल्या. "मी फोन ठेवत नाय. चालत जा आणि सांग."

त्या ऐकत उभ्या राहिल्या. शलाकाने रिमोट घेऊन मला घाईघाईने खाली आणले. उतरताना वाऱ्याने मला खडकावर आपटले आणि माझा पात्याचा एक दांडा मोडला. तेव्हा कोणाचेच माझ्याकडे लक्ष नव्हते, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही.

त्याच दुपारी कंपनीच्या होडीने सुयोगला किनाऱ्यावर आणले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोटे गेली असती. मुख्य स्वयंपाक्याची जागा त्या वेळी गेलीच. पुढे बरेच महिने तो घरी राहिला. ओटीवर बसून रबरी चेंडू दाबायचा, कधी चिडून भिंतीवर फेकायचा. त्याची करंगळी अजून पुरती मिटत नाही. पण तो पुन्हा समुद्रावर गेला आहे आणि व्हिडिओ कॉल लागला की विचारण्याआधीच दोन्ही पंजे पडद्यासमोर धरतो.

माझा दांडा भूपेशभाईंनी एकदा जोडून दिला. नंतर पाती मिळेनात, बॅटरी फुगली. शलाकाने ती काढून ई-कचऱ्यात रीतसर जमा करून टाकली, आणि मी वर येऊन बसलो. इथे धूळ फार आहे. कौसाबाई सणासुदीला पुसतात.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा येईल. त्याला वाऱ्यात जपून उतरवा, आणि उडवण्याआधी नकाशा बघा, विचारा, पाटी वाचा. आभाळ मोकळे दिसते म्हणून ते आपल्या एकट्याचे होत नाही. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी टेबलापलीकडे बसेल, कोणाच्या हातात शिट्टी येईल, कोणाकडे किल्ल्याची किल्ली येईल. 'इथे नाही' म्हणायची वेळ तुमच्यावरही येईल. जरूर म्हणा. पण समोरच्याला तेवढ्यावर वाटेला लावू नका. 'मग कुठे?' हेही त्याला सांगा.