दुसऱ्या बाजूचा खरा वेग

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, पण मला बिचारी म्हणायचे नाही. कपाटात धूळ खात पडलेल्या वस्तू आपली कर्मकहाणी सांगतात आणि शेवटी डोळे पुसतात, असे तुम्ही पुष्कळदा वाचले असेल. मला डोळे नाहीत, आणि माझ्यावर रडगाणे कोणी कधी भरले नाही. माझ्यावर भरला आहे तो चौघांच्या एका रॉक बँडचा एका रविवारी दुपारी झालेला कार्यक्रम. नव्वद मिनिटे. एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस. भांडण झाले ते दुसऱ्या बाजूवरून.

माझी जडणघडण साधी आहे. प्लॅस्टिकची चपटी डबी, आत दोन चाके आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. फितीवर लोखंडाच्या गंजाच्या जातीची बारीक पूड असते. आवाजाची वीज झाली की ती पूड चुंबकासारखी कमीजास्त भारली जाते आणि तशीच राहते. आमच्या कारखान्यात त्या दिवशी माझ्यासारख्या हजारो निघाल्या. बहुतेकींवर पाठांतरे, भाषणे, फार तर लग्नातली गाणी गेली असतील. मला ताईने घेतले.

ताई एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बोलणे कमी, वहीत लिहिणे जास्त. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वायरमन होता. तो तिला ‘मोजपट्टी’ म्हणायचा, कारण भाताला किती पाणी घालायचे हेही ती मोजून ठरवायची. दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती, तो बँड. दुकानात मिळणाऱ्या तबकड्या त्यांना पुरत नसत. तबकडीवर सगळे घासूनपुसून ठेवलेले असते. या माणसांना हवा असे तो समोर घडलेला कार्यक्रम, गायकाच्या ठसक्यासकट आणि लोकांच्या आरोळ्यांसकट. बँडची त्याला ना नव्हती. ज्याला भरून न्यायचे त्याने खुशाल न्यावे, असे ते चौघे स्टेजवरूनच सांगत.

अशा वेड्यांची एक मंडळी होती. शिंपीकाका, गणिताचे सर, एक पोस्टमन आणि हे दोघे. शिंपीकाकांचे दुकान मंगळवारी बंद असे, तेव्हा शटर अर्धे ओढून ही माणसे कापडाच्या ठाणांवर बसत आणि ऐकत. त्यांचे नियम कडक होते. कॅसेट विकायची नाही. गाणे चालू असताना बोलायचे नाही. आणि प्रत्येक कॅसेटवर तिचे कूळ लिहायचे. समोर बसून भरलेली ती आई. आईवरून उतरवलेली ती मुलगी, मुलीवरून नात, नातीवरून पणती. पणतीच्या पुढे उतरवायचे नाही, कारण प्रत्येक पिढीला खरखर वाढत जाते.

मी आई आहे. हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

त्या रविवारी क्रीडागृह खच्चून भरले होते. हातात धरला तर हलेल म्हणून शिंपीकाकांनी छोटा मायक्रोफोन ताईच्या कोटाच्या कॉलरमध्ये शिवून दिला होता. रेकॉर्डर तिच्या मांडीवरच्या पिशवीत होता. ताईने त्या आठवड्यात नवे सेल घालून पूर्ण नव्वद मिनिटांची चाचणी घेतली होती. एकदा नव्हे, तीनदा. निघताना दादा म्हणाला होता, “अगं, सेल तरी बदल.” त्यावर ती म्हणाली, “हे तपासलेले आहेत. नव्यांचा काय भरवसा?”

कार्यक्रम झाला. दोन महिन्यांनी बातमी आली की बँडने आपल्या ड्रमवाल्याला काढून टाकले. बँडच्या व्यवस्थापकाने छापून आणले, ‘त्यांचा हात मंदावला आहे आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांचा ताल टिकत नाही.’ म्हणजे माझ्यावर आहे तो त्याचा शेवटचा कार्यक्रम होता.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हात मंदावलाय? दुसरी बाजू ऐकवा त्यांना! घोडा उधळावा तसा वाजवलाय शेवटी!”

आणि खरेच, माझ्या दुसऱ्या बाजूवर तो पळत होता. गाण्यागणिक वेग वाढत जाई. सरांना गिटार येत असे. माझ्याबरोबर वाजवायला बसले की त्यांना दर गाण्याला तारा थोड्या आणखी ताणाव्या लागत. त्यांनी त्यावर बारा पानी लेख लिहिला होता. त्या दिवशी चौघांनी मुद्दाम सूर कसा चढवत नेला, आणि त्यामागे केवढा विचार होता. मंडळीने तो वाचून माना डोलावल्या होत्या. तोवर मला अकरा मुली आणि चाळीसेक नाती झाल्या होत्या. सगळ्या धावऱ्या.

दादाने रेडिओ केंद्राला पत्र लिहिले. खाली सगळ्यांच्या सह्या, पहिली त्याची. ‘हात मंदावला म्हणता, आमच्याकडे पुरावा आहे.’ केंद्राचे उत्तर आले की टेप पाठवा, शेवटचे गाणे सगळ्यांना ऐकवू.

रेडिओसाठी चांगली मुलगी उतरवावी म्हणून ताई मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. आवाजाची पातळी नीट पाहता यावी म्हणून तिने मला ऑसिलोस्कोपला जोडले. हे यंत्र आवाजाची लाट हिरव्या रेघेने काचेवर काढून दाखवते. मित्रांनो, स्टेजवरच्या मोठ्या स्पीकरांमधून विजेची एक बारीक गुणगुण सतत येत असते. ती सेकंदाला पन्नास कंपनांची असते. गाणे कुठलेही असो, वाजवणारा कोणीही असो, पन्नास म्हणजे पन्नास. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ताईने ती गुणगुण पाहिली. पहिल्या बाजूवर पन्नास होती. दुसऱ्या बाजूला एक्कावन्न झाली. मग बावन्न. शेवटचे गाणे संपले तेव्हा पंचावन्न.

वीज कधी घाई करत नाही. ताईने वही उघडली, तीन चाचण्यांच्या नोंदी पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. सेल उतरत गेले होते. भरताना रेकॉर्डर हळू फिरला होता, म्हणून आता नेहमीच्या वेगाने लावल्यावर सगळे पळत होते. उधळलेला घोडा म्हणजे तिने तपासून तपासून संपवलेले सेल होते.

घरी तिने दादाला सगळे सांगितले. तो जेवता जेवता थांबला.

“कोणाला कळणार आहे?” तो म्हणाला.

“ज्यानं वाजवलंय त्याला कळेल.”

“तो कशाला तक्रार करेल? त्याच्याच भल्याचं आहे.”

“दादा, रेडिओ लावून बसेल तो. आणि त्याला ऐकू येईल की त्याची बाजू घेणाऱ्यांनासुद्धा तो जसा होता तसा चालत नाही.”

दादा ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अंघोळीला गेली होती, तेव्हा त्याने मला रेकॉर्डरमध्ये घातले. माझ्या वरच्या कडेला दोन छोटी प्लॅस्टिकची दारे असतात. ती मोडून टाकली की माझ्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ताईने ती पहिल्याच दिवशी मोडली होती. दादाने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. मी नसले की खरे सांगणारे कोणी उरणार नव्हते, नुसत्या पळणाऱ्या मुली-नाती उरणार होत्या. त्याने अंगठा लाल बटणावर ठेवला. आमच्यात सगळ्यात जास्त वेडा हाच, हे मला ठाऊक होते. मला ओरडता येत नाही. मी फक्त फिरू शकते. त्याने बटण दाबले आणि मी फिरू लागले.

अकरा सेकंद. आधी लोकांची सुरुवातीची आरोळी होती, तिथे आता एका माणसाचा श्वास आहे, आणि ओल्या केसांनी दारात आलेल्या ताईचा आवाज आहे, “दादा, काय करतोयस? माझ्यावर ओरड. तिच्यावर नको.” मग दादाचे “मोजपट्टे, तू ना…” आणि खट्.

मी गेले नाही. अकरा सेकंद दिली, बाकीचे सगळे माझ्याकडे आहे.

मंगळवारी ताई दुकानात आली. कॉलेजात भाषेच्या तासाला वापरतात तो, वेग कमीजास्त करायची खुंटी असलेला टेप तिने मागून घेतला होता. दुसऱ्या बाजूवर सबंध पंचेचाळीस मिनिटे खुंटीवर बोट ठेवून, काचेवरची हिरवी लाट जागची हलू न देता, तिने मला प्रयोगशाळेत उतरवले होते. ती मुलगी तिने लावली. आधी चूक कबूल केली, मग बटण दाबले.

शेवटचे गाणे जड वाटले. गायकाचा आवाज खाली आला होता. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

“म्हणजे माझी ती बारा पानं…?” सर म्हणाले.

“त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर मापं लिहायला द्या मला,” शिंपीकाका म्हणाले.

पोस्टमन मात्र चिडला होता. “हे रेडिओवर लावायचं? आपल्या हातानं त्याची अब्रू चव्हाट्यावर? मंदावलाच होता की मग तो!”

“हो, मंदावला होता,” ताई म्हणाली. “जुन्या तबकडीवर याच गाण्याला मिनिटाला एकशे आठ ठोके आहेत. इथे शंभर आहेत. मी पहिल्या मिनिटाचे मोजले, शंभर. अकराव्या मिनिटाचे मोजले.”

“किती?”

“शंभर. मधल्या नऊ मिनिटांचेही तेवढेच.”

ताईला इतके सलग बोलताना कोणी पाहिले नव्हते, पण ती थांबली नाही. “त्यांनी दोन आरोप केलेत. हात मंदावला, हा खरा आहे. ताल टिकत नाही, हा खोटा आहे. आपली धावरी टेप काय दाखवते माहितीये? एकशे चारला सुरू करतो आणि एकशे दहाला संपवतो. ताल टिकत नाही! त्यांचा खोटा आरोप आपणच खरा करून देणार होतो, सह्या करून.”

दादा शटरपाशी उभा होता. कधी आला ते कोणी पाहिले नव्हते. तो आत आला, ठाणावर बसला आणि म्हणाला, “पुन्हा लाव.”

ते संपल्यावर त्याने नवे पत्र लिहिले. तीन चाचण्या, उतरलेले सेल, एकशे आठ, शंभर आणि शंभर, काही लपवले नाही. पहिली सही पुन्हा त्याचीच होती. रेडिओवर ते पत्र जसेच्या तसे वाचले गेले, आणि गाणे अकरा मिनिटे पूर्ण लागले. ड्रमवाल्याला बँडने परत घेतले नाही. गोष्टीत घेतात, इथे नाही घेतले.

दोन आठवड्यांनी दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड आले. पोस्टमननेच आणले. ते त्याने वाटेत वाचले होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्यावर दोन ओळी होत्या. ‘माझा हात तेवढाच चालत होता. तुम्ही तेवढाच ऐकवलात.’

पुढे मंडळीने माझ्या मुली-नातींच्या घरी पत्रे पाठवली, की कॅसेट आणून द्या, खऱ्या वेगाची घेऊन जा. काही आल्या. काहींनी साफ कळवले, “आम्हाला धावरीच बरी वाटते.” वाटो. मी त्यांच्यासाठी पळणार नाही. आता काही हुशार लोक सांगतात की संगणकावर टाकून माझ्यावरचा गायकाचा ठसका काढता येईल, खरखर पुसता येईल, त्या अकरा सेकंदांवर उसन्या टाळ्या चिकटवता येतील. ताईचे केस पांढरे होऊ लागले आहेत, पण तिचे उत्तर तेच आहे, आणि माझेही. नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. काचेच्या कपाटात ठेवलेली कॅसेट म्हणजे नुसती प्लॅस्टिकची डबी. दर वेळी वाजताना माझी पूड थोडी झडते. झडू दे, त्यासाठीच मी आहे. एवढेच करा, कोणावर प्रेम असेल तर तो होता त्याच वेगाने त्याला ऐका. मला बाहेर काढा. दुसरी बाजू लावा, गुणगुण पन्नासवर आणा, आणि शेवटचे गाणे संपेपर्यंत जागचे उठू नका.