माणिकबाईंचा खांदा आणि मधला पडदा

माणिकबाईंचा उजवा खांदा दिवाळीपासून रुसला होता. हात वर जाईना, स्वतःची वेणी स्वतःला घालता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, बडनेऱ्यातल्या शेजारणींचे सल्ले तर फुकटच होते. शेवटी अकोल्याच्या हिजामाचं नाव निघालं. पाठीवर कप लावायचे, बारीक छेद द्यायचे आणि खराब रक्त ओढून घ्यायचं. म्हणजे जुनी तुंबडीच. फक्त आता तिला बोर्ड आणि टोकन आलं होतं.

"तुमी जवळ बसान तं लावून घेतो," माणिकबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं, म्हणजे नत्थुजींनी, शब्द दिला. गडी रेल्वेतून रिटायर झालेला, पण दाढी करताना कापलं तरी डोळे मिटणारा.

अकोल्यात पाहतात तर दवाखान्याच्या मधोमध जाड पडदा. बायांना कप लावायला आपा, पुरुषांकडे त्यांचे यजमान हकीमसाहेब.

"दादा, इकडे दुसऱ्या बाया पण आहेत. तुम्हाला नाही येता येणार," आपा म्हणाल्या.

माणिकबाईंनी काढलेली चप्पल परत पायात घातली. "चाला घरी."

नत्थुजींनी पडद्याकडे पाहिलं. मग पुरुषांच्या बाजूला जाऊन सदरा काढला.

"तकलीफ काय आहे?" हकिमांनी विचारलं.

"काईच नाई. तिले माहा आवाज आला पायजे. पडद्याजवळचा पलंग द्या."

हकिमांनी पुष्कळ आजार पाहिले होते, हा नवीन होता. "चालतं. बिमारी नसली तरी लावतात लोक," म्हणत त्यांनी बीपी तपासलं आणि पलंग सरकवला.

"माणिक, मी अठीच आहो वं!"

पलीकडे चप्पल निघाल्याचा आवाज आला.

कप चिकटले तोवर ठीक होतं. मग पातं टेकलं, आणि नत्थुजींनी अशी बोंब ठोकली की बाहेरचा पानवाला आत डोकावून गेला.

"काय झालं जी?"

"काई नाई. बिलकुल दुखत नाई."

"मंग बोंबलून काहून राहिले?"

"तुले धीर देऊन राहिलो!"

बायांच्या बाजूला हशा पिकला. त्यात माणिकबाईंचं हसू वेगळं ओळखू येत होतं. ते चालू असतानाच आपांनी आपलं काम सुरू केलं. हसू थांबलं.

"माणिक? बोल नं वं. माणिक!"

"ओरडू नका. डोये मिटा आन चूप पडून राहा," पलीकडून आवाज आला. जरा कापरा, पण आला. "मी आहो न."

पडद्याखालून एक हात आला. बांगड्यांसकट.

नत्थुजींनी तो धरला. समोरच ठेवलेला पुढचा कप शोधायला हकिमांना मग बराच वेळ लागला.