अडतीस मुलींच्या वेळा

वसतिगृहाच्या ऑफिसात भिंतीला एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात फायरवॉल नावाचं मशीन आहे. कोणाला कधी आणि किती वेळ इंटरनेट मिळावं, ते त्यात भरून ठेवायचं. मग मशीन त्या वेळेला नेट सोडतं आणि वेळ संपली की बंद करतं. आमच्याकडे या वेळा माझी बायको चांगुणा भरायची. मार्गशीर्षात ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि जामखेडला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मशीन थांबलं नाही. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी ऑफिस झाडायला गेलो, तर दोन मुली नेहमीसारख्या टॅब घेऊन बसल्या होत्या आणि आईशी बोलत होत्या. सहाला त्यांचं नेट बंद झालं. चांगुणाचं सांगणं ते मशीन अजून ऐकत होतं. मी झाडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

आमचं वसतिगृह खर्ड्याच्या रस्त्याला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या अडतीस मुली इथं राहतात. शाळा आवारातच आहे. आईबाप दिवाळीनंतर जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. मुलींना मोबाईल ठेवायची परवानगी नाही. सहा टॅब आहेत. ज्या मुलीची वेळ असेल तिच्या नावानं टॅबवर नेट सुरू होतं आणि ती आईबापाला बघून बोलते. चांगुणा इथली गृहमाता होती, सगळ्यांची मावशी. मी वायरमन, पहारेकरी, पंप चालू करणारा, सगळंच. मी सातवी शिकलेलो. ती लग्नानंतर बारावी झाली. मशीन आलं तेव्हा नगरच्या अश्विनी मॅडमनी येऊन तिला दोन दिवस शिकवलं.

मी म्हणालो, "तुला काय जमतंय ते?"

"भाकरी येती तर ह्ये पन यील," ती म्हणाली. "दोन्हीला येळ कळाया पायजे, बास."

तिचा एकच दोष मला दिसायचा. दर रविवारी जेवण झालं की ती फोन घेऊन बसायची, ते दिवे लागेपर्यंत. मी चिडवायचो, "किती नातेवाईक हायत गं तुला? लग्नात तर एवढे न्हवते आले." ती हातानंच मला गप्प करायची.

माझी दुसरी तक्रार नेटची होती. मी मोबाईलला पॅक मारत नाही, वसतिगृहाच्याच वायफायवर कुस्त्या बघतो. दुपारी एकला ते हमखास जायचं. "लाइनीचा कायतरी घोळ हाय," मी म्हणायचो. "आसंल," ती म्हणायची. "तवर जेवून घ्या. ताट वाढलंय."

जानेवारीत संस्थेचे नवे सचिव भागवत सर आले. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचा माणूस, पण वाईट नाही. त्यांनी मला मशीनमधली यादी उघडायला लावली. पासवर्ड चांगुणानं कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. यादी बघून सरांनी चष्मा काढला आणि पुसून परत घातला.

"गहिनीनाथ, हे काय आहे? अडतीस मुली आणि अडतीस वेळा? हिला पहाटे साडेपाच. हिला दुपारी सव्वाचार ते साडेचार. हिला साडेचार ते पावणेपाच. आणि ही बघा, फक्त गुरुवार आणि रविवार!"

"चांगुणानं भरल्यात, सर."

"बाई चांगल्या होत्या. पण असं चालत नाही. एका छताखाली एक नियम. संध्याकाळी सात ते आठ, सगळ्यांना."

मलाही ते बरोबर वाटलं. सातला माणसं कामावरून आलेली असतात. मी अश्विनी मॅडमना फोन लावला. त्या सांगत गेल्या तसं मी दाबत गेलो. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्या थांबल्या.

"काका, जुन्या वेळांची प्रत काढून ठेवू का?"

"सर तसं काय बोलले न्हाईत."

"मी ठेवते. कितीतरी ठिकाणी मी ही मशीनं लावलीत, पण माणसागणिक वेगळी वेळ कुणी देत नाही. ताई दर आठवड्याला यातलं काहीतरी बदलायच्या. कशावरून ठरवायच्या, मला कधी कळलं नाही."

मलाही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांचा संसार झाला आणि मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी सातला सहा टॅबांभोवती अडतीस मुली गोळा झाल्या. रिंग जात होती आणि कोणी उचलत नव्हतं. पुष्कळांचे फोन तर बंदच होते. एकीचा बाप लागला, तो झोपेतच काहीतरी बोलला आणि परत बंद झाला. आठ वाजले. मुली ताटं घ्यायला गेल्या. दिशा तेवढी थांबली. ती सातवीत आहे आणि तोंडानं फटकळ आहे.

"काका, तुमी ऊस तोडलाय ना?"

"तीन हंगाम."

"मग सातला काय करत होता तुमी?"

सातला आम्ही झोपलेले असायचो. रात्री दोनला उठून उसाच्या फडात जायचं असायचं. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. मी तोडायचो, चांगुणा मोळ्या बांधायची. तीन हंगाम आम्ही एक कोयता होतो. वीस वर्षांच्या नोकरीत मी ते विसरलो. ती विसरली नव्हती.

दिशानं मग मला एकेक वेळ उलगडून सांगितली. पहाटे साडेपाचवाल्या दोघींचे आईबाप बैलगाडीच्या टोळीत आहेत. त्या वेळी ते कारखान्याच्या आवारात वजनाचा नंबर लागायची वाट बघत बसलेले असतात. सव्वाचारपासून ज्या तिघींच्या वेळा एकीला एक लागून आहेत, त्यांच्या घरांत मिळून मोठा फोन एकच आहे. पंधरा मिनिटं एका कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मग तो शेजारच्या कोपीत जातो. गुरुवार-रविवारवालीची आई त्या दोन दिवशी गावात बाजाराला जाते आणि पिठाच्या गिरणीत फोन चार्ज करते.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"मावशी इचारायची की समद्यांना. टोळी हलली की येळ हलवायची. रविवारी टोळ्यांच्या मुकादमांना फोन करून करून तिचा कान लाल व्हायचा. तुमाला म्हाईत न्हाई?"

मी खुर्चीत बसलो. रविवारचे तिचे नातेवाईक हे होते. कुठल्या फडात किती वाजता ट्रॅक्टर भरतो, कुठल्या बाईला कधी पाठ टेकायला मिळते, कुठं रेंज येते, हे सगळं अडतीस घरांचं ती डोक्यात घेऊन फिरत होती. आणि मी तिच्यासमोर बसून कुस्त्या बघत होतो.

"तुझी येळ कोनती?" मी विचारलं.

"चारची हाय. पन मावशी गेली त्याच आठवड्यात आमची टोळी कराडकडनं चिकोडीकडं गेली. दीड महिना झाला, लागतच न्हाई."

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"कसं सांगायचं? तुमी बोलतच न्हवता कुनाशी." तिनं तोंड फिरवलं. "आता काय उपेग? शनिवारी बाप न्यायला येनार हाय. माज्या वर्गातल्या धनश्रीच्या आईला त्यो वाटंत भेटला हुता, तिच्याकडनं निरोप आलाय. आई म्हनती, पोरगी दिसंना का तिचा आवाज कानावर यीना, तर तितं ठेवायची कशाला?"

न्यायला येणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. हंगामाच्या मध्ये मुलगी फडावर गेली की भावंडं सांभाळते, मग मोळ्या बांधते, मग तिचं लग्न होतं. ती परत येत नाही. त्या दिवशी बुधवार होता.

"तुज्या आईनं हितं फोन का न्हाई केला?"

"केला की! लई केला. मावशीच्या नंबरवर. बंदच हाय."

तो मी बंद केला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी. सारखा वाजायचा, पलीकडून कोणीतरी "वहिनी?" म्हणायचं आणि ती गेली हे सांगायला माझं तोंड उघडायचं नाही. बंद केला आणि ट्रंकेत तिच्या साड्यांखाली ठेवून दिला. आईबापांकडं वसतिगृहाचा तेवढा एकच नंबर होता. भागवत सरांनी वेळा आज बदलल्या होत्या. मी दीड महिन्यापूर्वीच दार लावून घेतलं होतं.

सकाळी तो फोन चार्जिंगला लावला. चालू झाला आणि थरथरायला लागला. कोणाकोणाचे फोन येऊन गेले, त्याचे मेसेज एकावर एक येत होते. थांबेनातच. एकशे बारा झाले. नावं तिनं तिच्या पद्धतीनं ठेवली होती. 'भिमाजी बैलगाडी.' 'श्रीमंत एकच फोन तिघीत.' 'बिभीषण ट्रॅक्टर दिशा.' मी ती नावं खालपासून वरपर्यंत वाचली. मग बिभीषण मुकादमाला लावला.

त्यानं पहिल्याच रिंगला उचलला आणि काहीच बोलला नाही. त्याच्या पडद्यावर तिचं नाव आलं असणार.

"मी गहिनीनाथ बोलतोय," मी म्हणालो.

"दादा!" त्यानं श्वास सोडला. "घाबरलो की वो. वहिनी गेल्याचं कळलं हुतं. मग त्यांचा फोन बी लागंना. म्हनलं, वसतिगृह बंद पडलं का काय?"

"न्हाई. माजं चुकलं. दिशाच्या आईला कोनती येळ सवडीची हाय?"

"आता कसं, वहिनीवानी इचारलं! त्या बी राम राम न करता पयलं हेच इचारायच्या. मी एकदा म्हनलं, वहिनी, मला मुकादम व्हऊन बारा वरसं झाली, पन माज्या टोळीचं तुमाला माज्यापरीस जास्त म्हाईत. तर म्हनल्या, तुमाला ऊस दिसतो, मला पोरी दिसत्यात. लिवून घ्या. दुपारी एकला ट्रॅक्टर भरून व्हतो. मग बाया कॅनॉलवर धुनं धुवाया जात्यात. हितं कोपीवर रेंज न्हाई, पन कॅनॉलच्या भरावावर येती. एक ते दीड. दिशाची आई रोज तितं माजा फोन कानाला लावून बसती. बंद हाय सांगितलं तरी बसती."

मी भागवत सरांना फोन करून सांगितलं, सर, सातची वेळ मी काढतोय. ते रागावले, उद्या येतो म्हणाले. अश्विनी मॅडमनी जुनी प्रत परत टाकली. दिशाची वेळ मी स्वतः भरली. एक ते दीड. एवढ्याशा आकड्यांनी चिकोडीच्या कॅनॉलवरची बाई इथं दिसणार होती, हे मला खरं वाटेना. चांगुणा हे चार वर्षं भाकरी थापावी तसं करत होती.

शुक्रवारी एकला सर दारात उभे होते. दिशानं टॅब उघडला. रिंग गेली. आधी नुसतं पाणी दिसलं.

"दिशे! अगं दिशे! किती वाळलीस गं!"

"आये, आधी तुजं तोंड तर दाव! नुसता कॅनॉल दिसतोय!"

मोबाईल फिरला आणि आई दिसली. डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत साबणाचे. तिनं तो ओला हात पडद्यावर ठेवला. इकडं दिशानं आपला ठेवला. मग मागून बापाचा आवाज आला, "मंग उद्या येऊ का न्यायला?"

"कुटं निगाले?" आई मागं वळून ओरडली. "आता रोज दिसनार हाय ती. शिकू द्या तिला."

दीडला नेट बंद झालं. दिशा नाक पुसत शाळेत पळाली. सर दारातून आत आले. "सगळ्या वेळा कागदावर उतरवून मला द्या," ते म्हणाले. "हाच नियम म्हणून लावू."

संध्याकाळी मी यादी उतरवायला बसलो. अडतीस नावं झाली. मशीनमधल्या वेगळ्या पानावर, सगळ्यात खाली, एकोणचाळिसावं नाव होतं. गहिनीनाथ. दिवसभर चालू. दुपारी एक ते दीड बंद.

मी ते चारदा वाचलं. मग अश्विनी मॅडमना फोन लावला.

"हो, ही नोंद आहे," त्या म्हणाल्या. "मशीन बसवलं त्याच आठवड्यातली. मुलींच्या आधी ताईंनी हीच भरलेली दिसतेय. काढू का, काका?"

"नको," मी म्हणालो.

दीड महिना रोज एकला माझं नेट जात होतं आणि मी लाइनीला शिव्या देत उपाशी बसत होतो. कधी तीनला खायचो, कधी नाही.

रविवारी एकला कुस्ती ऐन रंगात असताना पडदा थांबला. मी मोबाईल खाली ठेवला, हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि जेवलो. मग तिचा फोन घेतला आणि बिभीषणपासून सुरुवात केली. शेवटच्या मुकादमाशी बोलून झालं तेव्हा मुली दिवे लावत होत्या. माझा कान गरम झाला होता. चार मुलींच्या वेळा हलवायच्या होत्या.