‘बिनघड्याळाचं घर’ची चौथी रीळ

मित्रांनो, जरा लवकर लवकर ऐका, कारण माझ्याकडे वेळ फार थोडा उरलाय. मी एक जुनी रीळ आहे. दोन हजार फूट लांब, वीस मिनिटांची, पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळलेली. ‘बिनघड्याळाचं घर’ नावाच्या चित्रपटाच्या आम्ही सहा बहिणी, आणि त्यातली मी चौथी. तुम्ही हे नाव ऐकलं नसेल. कसं ऐकाल? चित्रपट आपटला. नुसता नाही, तोंडावर आपटला! आणि तो माझ्यामुळे आपटला म्हटलं तर तुम्हाला वाटेल, काय ही फुशारकी. पण पुढे ऐका तर खरं.

गोष्ट कॅसिनोतली आहे. तिथे भिंतीवर घड्याळ नसतं, खिडकीही नसते. आत बसलेल्याला बाहेर दिवस उगवला की मावळला याचा पत्ताच लागू नये, म्हणून. तिथे एक बाई टेबलामागे उभी राहून पत्ते वाटते. तिचा थोरला भाऊ रोज येतो आणि नेमका तिच्याच टेबलावर बसतो. नातं कळलं तर नोकरी जाईल, म्हणून सख्खी बहीण सख्ख्या भावाला ‘साहेब’ म्हणते, पत्ते वाटते, आणि तो हरतो. माझ्या पहिल्या तीन बहिणींत एवढं आहे. पाचवीत ती बाई भर डावात पत्ते खाली ठेवते, दोन्ही तळहात उलटसुलट करून दाखवते आणि चालू लागते. हातात काही लपवलेलं नाही हे टेबल सोडताना दाखवायची तिथली रीतच असते. सहावीत ती बसस्टॉपवर उभी आहे, शेजारी आणखी एक बाई. बस येते. संपलं.

आणि मध्ये मी! माझ्यात गाणं नाही, मारामारी नाही, पाठलाग नाही. माझ्यात आहे कामातली वीस मिनिटांची सुट्टी, नोकरांची खोली आणि गार झालेला चहा. मागच्या दाराशी त्या बाईची वहिनी येते. आत यायला मनाई, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणते, “वन्सं, ते काही थांबायचे नाहीत, हे मला कळून चुकलंय. पण तुम्ही तर वाटायचं थांबवू शकता ना? हरायचंच असेल तर परक्याच्या हातून हरू देत. घरच्या हातून नको.” बाई बोलत नाही. आपल्या हातांकडे बघत बसते. खूप वेळ. माझं प्रामाणिक मत विचाराल तर अख्खा चित्रपट त्या दोन हातांत आहे, आणि इतकं धीराचं, इतकं गप्प राहून बोलणारं काम मी कुठल्याच बाईचं पाहिलेलं नाही. आता मी दुसरं काही पाहिलेलंच नाही, हे सोडा!

आमच्या दोनच प्रती निघाल्या. दुसरी प्रत मूळ निगेटिव्हसकट पहिल्याच आठवड्यात गोदामात पाणी शिरून गेली. आम्ही सहा जणी एका लहानशा थिएटरात पोहोचलो. मालक केबिनमध्ये येऊन ऑपरेटरला म्हणाला, “पावणेदोन तासांचं धर. दिवसाला पाच खेळ बसवायचेत मला. एक रीळ काढ.”

“कुठली काढू, मालक? सगळ्याच लागतात.”

“ज्यात काही घडत नाही ती काढ. एवढी वर्षं मशीन फिरवतोस, अक्कल मी पुरवू का?”

ऑपरेटरने मला काढलं. माणूस वाईट नव्हता हो. मला गुंडाळताना पुटपुटला, “आठवडाभर कळ काढ. जाताना परत घालतो.” मशीनवर तेव्हा जाहिरातींची रीळ चढली होती, म्हणून तिचा डबा रिकामा होता. त्याने मला त्यात ठेवलं. आठवडाभर जाहिराती डब्याबाहेरच राहिल्या; शेवटचा खेळ झाल्यावर आवरताना रिकामा दिसला माझा डबा, त्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवशी न्यायला आलेल्या माणसाने डब्यांवरचे आकडे बघितले. एक ते सहा, बरोबर! आणि माझ्या जागी शिंप्याच्या दुकानाच्या आणि साबणाच्या जाहिराती गावोगाव निघाल्या. पुढच्या प्रत्येक थिएटरात चौथा डबा उघडला की साबणाचा फेस. तिथले ऑपरेटर कपाळाला हात लावायचे आणि तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जायचे.

पण त्याआधी आठवडाभर केबिनच्या भोकातून मी लोकांची मतं ऐकली. कान असते तर मी ते कापून टाकले असते.

“चांगली नोकरी सोडून गेली. डोक्यावर पडलीय का?”

“आणि शेवटी स्टॉपवर ती दुसरी कोण रे?”

“लेखकाची बायको असेल. हौस म्हणून उभी केली.”

ऑपरेटरची बायकोही पाहायला आली होती. केबिनच्या दारातच म्हणाली, “अहो, भावाला टाकून गेली की मेली! मला नाही आवडली.” तो मशीनला तेल घालत राहिला. मी तिथेच होते, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि मला साधं खाकरताही येत नव्हतं!

पुढे एका मोठ्या शहरात वर्तमानपत्रात छापून आलं: ‘दिग्दर्शिकेला गोष्ट सांगता येत नाही. पात्रं मनाला येईल तिथे उठतात, मनाला येईल तिथे उभी राहतात.’ दिग्दर्शिकाबाई तेव्हा बाळंतपणात होत्या. त्यांनी आपला चित्रपट थिएटरात पाहिलाच नाही, फक्त त्याच्याबद्दल वाचलं.

ऑपरेटरला चूक तीन दिवसांनी, पुढचा चित्रपट लागला तेव्हा कळली. जाहिराती लावायला डबा उघडला, तर आत मी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कळवलं तर मालक हाकलणार. उद्या कळवतो म्हणाला. त्या उद्याने बावीस वर्षं घेतली. थिएटर पडलं, तो मला घरी घेऊन आला आणि कपाटात घोंगड्यांमागे ठेवलं. त्या अंधारात मी आजारी पडले. मित्रांनो, आमच्या जातीला म्हातारपण आलं की अंगाला आंबट वास सुटतो. मग अंग आकसतं, वाकडं होतं, वळसे एकमेकांना चिकटतात.

“त्या डब्याला वास मारतोय. टाका, नाहीतर मी टाकते!” बायको म्हणायची.

“राहू दे गं.”

“राहू दे काय राहू दे! आत काय मेलंय, ते तरी सांगा!”

मी मरतेय, मी! असं मी रोज ओरडायचे.

परवा दुपारी दारात एक बाई आल्या. केस पिकलेले, हातात पत्र्याचा डबा. त्या दिग्दर्शिका होत्या. पाच बहिणी त्यांना कुठल्याशा गोदामात सापडल्या होत्या, आणि चौथ्या डब्यात शिंप्याची जाहिरात. दुकानाचा पत्ता याच गावचा. “काका, तुमच्या थिएटरात राहिली असेल का हो?”

“नाही बाई,” ऑपरेटर जमिनीकडे बघत म्हणाला. “माझ्याकडे कुठली असणार?”

बाई उठल्या. चपला घालताना म्हणाल्या, “इतकी वर्षं ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, की वहिनी येऊन तिला पत्ते वाटणं थांबवायला सांगते, तो प्रसंग मी लिहिलाच नसेल.”

“कुठली वहिनी?” ऑपरेटरची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. “थांबा. स्टॉपवरची ती वहिनी होती? म्हणजे ही भावाला टाकून नव्हती गेली?” मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हाला ठाऊक होतं?”

तो उठला. कपाट उघडलं. घोंगड्या जमिनीवर पडल्या.

बाईंनी झाकण काढलं आणि मला खिडकीतल्या उजेडासमोर धरलं. बावीस वर्षांनी उजेड! पण मी त्यांच्या बोटांत कडाकड तुटत होते. बाहेरचे वळसे चिकटून दगड झाले होते.

“मी आज कळवतो, उद्या कळवतो म्हणत राहिलो,” ऑपरेटर म्हणाला.

“मी त्यानंतर एकही चित्रपट केला नाही, काका.”

त्याच्या बायकोने उठून पंखा बंद केला, कारण वाऱ्याने माझे तुकडे उडत होते. दिग्दर्शिकाबाई ते चिमटीने एकेक करून वेचत होत्या.

आता मी एका प्रयोगशाळेत थंड कपाटात आहे. इथली माणसं म्हणतात, बारा मिनिटं तरी निघतील. वहिनी त्यात बोलते की नाही, हे चित्र उतरवून घ्यायच्या यंत्रावर चढवल्याशिवाय सांगता येत नाही. यंत्र एकच आहे.

मित्रांनो, कशालाही वाईट म्हणण्याआधी एकदा विचारा, की मी पाहिलं ते पूर्ण होतं का? आणि तुमच्या घरात कुणाचा असा डबा पडून असेल, तर तो आज उघडा. चूक झाली असेल तर आज सांगा. रागावतील, हाकलतील, पण सांगा!

त्या यंत्राच्या रांगेत माझा नंबर अकरावा आहे. काल माझ्या आतला आणखी एक वळसा चिकटला.