पाटलाच्या घरची वेठ

मरण सांगून येत नाही, साहेबाची स्वारी मात्र सांगून येते. दोन्ही एकाच सकाळी दारात उभी राहिली, तर गावाने आधी खांदा कोणाला द्यावा? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण आपल्या पणजोबांच्या काळी, जव्हार संस्थानातल्या दाभोशाच्या एका पाड्यावर हा प्रश्न खरोखर पडला होता. आणि सांगायला लाज वाटते, त्याचे उत्तर लहानथोरांना तोंडपाठ होते. आधी साहेब!

पौषातली थंडी होती. गौराबाई पहाटे गेली. ऐंशीच्या पुढची, अंगाने वाळकी, पण आदल्या दिवसापर्यंत आपली नाचणी आपण पाखडणारी. पोशेऱ्याहून ती नवरी होऊन आली तेव्हा पाड्यावर चारच झोपड्या होत्या. आता पाडा वाढला होता आणि त्यातली निम्मी माणसे तिच्याच हातावर जन्मली होती. दुष्काळात घरातले दाणे संपले, तेव्हा रानातले कडू कंद खणून, चिरून, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून आणि मग उकडून तिने आपली पोरे जगवली, शेजारचीही जगवली. सगळे तिला डोकरी म्हणत, म्हणजे म्हातारी; पण आईला हाक मारावी तसे म्हणत.

कान्हा तिचा नातू. त्याची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा डोकरीने त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. हाच कान्हा आता गावचा पाटील होता. पाटलाचे मोठे काम कोणते? गावाचे भले? छे! अंमलदार फिरतीवर आला की त्याची खुर्ची उचलायला आणि सामान वाहायला माणसे काढून देणे, हे काम. मजुरी नाही, भाकरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. ह्यालाच वेठ म्हणत. पाटलाचे घर तेवढे तीतून माफ. कान्हा मिशीवर हात फिरवून सांगे, "आमच्या घरातलं माणूस कधी वेठीला गेलं नाय!"

त्या दिवशी तिरडी बांधून होत आली होती आणि शिपाई अंगणात आला.

"पाटील, साहेब वांगणीच्या रानात शिकारीला निघालेत. नदीपाशी खुर्ची थांबलीय. इथवर आणणारे गडी परत गेले. तुमचे आठ गडी काढा, लवकर!"

"शिपाईदादा, आज घरात मयत हाय," कान्हा हात जोडून म्हणाला.

"मग साहेबांनी काय पायी जायचं?"

कान्ह्याने अंगणात पाहिले. खांदा द्यायला जमलेले होते तेवढेच धडधाकट गडी पाड्यात होते. तो मान खाली घालून म्हणाला, "गडी आधी साहेबाला पोचवून येऊ देत. डोकरीला सांजच्याला नेऊ."

गौराबाईची लेक रुपी आईच्या उशाशी बसली होती. ती ताडकन उठली. "कान्हा! दिवसभर आईला अंगणात ठेवणार तू?"

"मी काय करू, आत्या? नाय म्हटलं तर पाटीलकी जाईल."

तेव्हा तिरडीची दोरी आवळत बसलेला बुध्या उभा राहिला. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस.

"गेल्या साली माझा बाप मेला तवा तू काय बोललास, पाटील? मेलेला थांबतो, साहेब थांबत नाय! आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन मी बापाला जाळला. मला वाटलं होतं, घरात मरण आलं की तरी तुला कळंल."

"बुध्या, हुकूम होता तो."

"आणि तुझं घर माफ, असं सांगत फिरतोस ना? खोटं हाय ते! गेल्या आवणीला, ऐन भातलावणीत, तू मला वेठीला धाडलास. भाताची रोपं राबात पिवळी पडायला लागली होती. शेत गेलं, असंच धरून मी परत आलो. येऊन बघतो तर सगळं लावलेलं! कोणी लावलं?"

कान्ह्याने मान वर केली.

"तुझ्या डोकरीनं. चिखलात वाकून, एकटीनं. मी म्हटलं, डोकरे, या वयात कशाला? तर म्हणाली, माझ्या नातवानं तुला उचलून नेला, मग तुझी जागा मीच नको का भरायला?"

"माझ्या बी शेतावर आली होती," मागून पुतळी म्हणाली. तिच्या नवऱ्यालाही त्याच पावसाळ्यात नेले होते.

कान्ह्याला आठवले. पावसाळ्यात डोकरी गुडघाभर चिखलाची घरी येई आणि तो तिच्यावर खेकसे, "घरात बसवत नाय का तुला? पाटलाच्या आजीला हे शोभतं का?"

"मला का नाय बोलली ती?" तो पुटपुटला.

"नाय बोलली?" रुपी पुढे येऊन म्हणाली. "माझा बाप, तुझा आजा, वेठीतच गेला. अंगात ताप असताना त्याच्या डोक्यावर ओझं दिलं आणि तो घाटात पडला, तो उठलाच नाय. म्हणून आई तुला म्हणाली होती, पोरा, ही पाटीलकीची काठी घेऊ नको. तू हसलास! म्हणालास, डोकरीला काय कळतं!"

वा रे माफी! धट्टाकट्टा नातू काठी घेऊन मिरवत होता आणि त्याच्या हुकमाचे ओझे ऐंशीची बाई वाहत होती. तिला देवी म्हणून मोकळे होऊ नका. तिने सांगितले होते. ऐकणाऱ्याला कान नव्हते!

कान्हा घरात गेला. काठी घेऊन बाहेर आला आणि त्याने ती शिपायाच्या पायांपाशी टाकली.

"ही घेऊन जा. साहेबाला सांग, दाभोशात आज खांदा मिळणार नाय. उद्याही नाय. माणसं पायजेत तर मजुरी बोला, ज्याला यायचं तो येईल."

"हाडं मोडतील तुझी!"

"मोडू देत!"

मग तो बुध्यापुढे गेला. पाटील झाल्यापासून त्याने त्याला नावानेच हाक मारली होती. आज म्हणाला, "काका, मी चुकलो. पुढचा खांदा तू दे." बुध्या पुढच्या बाजूला गेला. त्याने तिरडी उचलली.

नदीच्या वाटेवर आंब्याखाली साहेब खुर्चीत बसला होता. "पाटील कोण आहे?" तो ओरडला. कोणी वळूनही पाहिले नाही. आठ खांद्यांवरून गौराबाई त्याच्या समोरून गेली. साहेबाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, शिपायाला शिव्या दिल्या. शेवटी खाली उतरला आणि दगडधोंड्यांतून ठेचकाळत चालू लागला. साहेबाला पाय होते! पाड्याने ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कान्ह्याची पाटीलकी गेली. काही दिवस कोठडीही भोगावी लागली. नवा पाटील नेमायला ती काठी मग पाड्यात दारोदार फिरवली गेली, पण एकाही माणसाने तिला हात लावला नाही.

बंधुभगिनींनो, जुलूम करणाऱ्याची खुर्ची तो स्वतः उचलत नाही. उचलणारी माणसे त्याला आपल्यातलाच कोणी तरी काढून देतो आणि वर 'हुकूम होता' म्हणतो. आपले घर माफ आहे म्हणून गप्प बसलेल्यांनो, माफी अशी कोणाला मिळत नाही! तुमच्या वाटचे ओझे तुमच्याच घरातले सर्वांत थकलेले माणूस वाहत असेल. ते जिवंत आहे तोवर त्याचे ऐका.