शंभरामागे बारा

आमच्या गॅरेजात इंजिनाला पेट्रोल पुरवणारे इंजेक्टर तपासायचं काम आत्याचं. खाली काचेच्या चार नळ्या, वर चार इंजेक्टर. अर्धा मिनिट पेट्रोल फवारायचं, मग रेघांपाशी डोळा नेऊन आकडा सांगायचा. तो मी गाडीच्या कॉम्प्युटरला भरवायचे. आई गेल्यावर मी वाढले ती याच टेबलाखाली. फवाऱ्याच्या तालावर तिनं म्हटलेले आकडे, हीच माझी अंगाई.

त्या दिवशी गाडी होती घाटात प्रवासी नेणाऱ्या ड्रायव्हरची. फोनवर सदा 'पोहोचलोच' म्हणायचा, म्हणून त्याचं नावच पोहोचलोच. चढाला दम पुरेना म्हणून त्यानं इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला होता, आणि टर्बोसाठी मोठे इंजेक्टर.

"ताई, उडेल ना आता?"

"उडवायची तर पंख लावून आण. आम्ही नुसती चढवतो." आत्यानं नळीला जवळजवळ नाकच टेकवलं. "अठ्ठेचाळीस. चारही सारखे. लिही गं."

लिहिलं. गाडी सुरू केली, तर पेट्रोल शंभरामागे बारा जास्त. उभ्या गाडीला बारा, हळू चालवली तरी बारा, पळवली तरी बारा. हवा मोजणारा सेन्सर असा चुकत नाही. तो कुठे थोडा चुकतो, कुठे फार. सगळीकडे सारखी चूक म्हणजे इंजेक्टरचाच आकडा खोटा. नळ्या अजून भरलेल्या होत्या. आत्याची पाठ वळली तशी मी वाकले. पेट्रोल चोपन्नच्या रेघेवर होतं.

मागच्याच आठवड्यात तिनं सुई माझ्या हातात दिली होती. "तूच ओव, माझ्या हाताला तेल आहे." तिचे हात कोरडे होते.

"काय गं, अडलं कुठे?"

"सेन्सर जरा जास्त सांगतोय. ओढते खाली."

"नक्की सेन्सरच ना?"

"सेन्सरच."

कॉम्प्युटरमधल्या हवेच्या तक्त्यातला एकेक आकडा मी त्याच मापानं खाली ओढला. पेट्रोल जागेवर आलं. आत्याचे अठ्ठेचाळीस तसेच राहिले. सपाट रस्त्यावर गाडी गाईसारखी गरीब चालली.

पण कॉम्प्युटर हवेवरून पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळही ठरवतो. हवा कमी, तर ठिणगी लवकर. हवा कमी आहे असं मी त्याला पटवलं होतं. तो ठिणगी लवकर टाकू लागला. सपाटीवर खपून गेलं, पण ओझं घेऊन चढताना तीच ठिणगी पिस्टन जाळते. चौथ्या दिवशी, भर दुपारी, सात माणसं घेऊन चढ चढताना इंजिन फुटलं. इंजिन गेलं की ब्रेकचा दगड होतो, पायानं दाबला जात नाही. गाडी मागे घरंगळली, कठड्यावर आदळली. शेवटच्या बाकावरच्या बाईचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

इंजिन आत्यानंच उघडलं. पिस्टनवरून बोट फिरवलं. कड वितळून खळगा पडला होता. बोटांना तिच्या अजून सगळं दिसत होतं.

"ठिणगी लवकर पडली. हवा किती ओढली होतीस?"

"शंभराला बारा. त्याच हिशेबानं."

"सगळीकडे?"

मी मान हलवली. ती वाट बघत राहिली, तेव्हा बोलले, "सगळीकडे."

आत्या खाली बसली. "सगळीकडे सारखी चूक म्हणजे काय, हे मीच शिकवलं ना गं तुला?"

"आकडा तुझा होता, आत्या."

"मग? माझे डोळे वर्षभर धड नाहीत, ते मला कळत नाही होय? तुझ्या जिवावर बसत होते मी इथं. माझं चुकलं तर कॉम्प्युटर बोंब मारेल, पोरगी माझ्या तोंडावर सांगेल. म्हणून तर तुला विचारलं, नक्की सेन्सरच ना."

माया केली होती मी. ती तिनं मागितलीच नव्हती.

बाहेर पोहोचलोच सकाळपासून बसून होता. आत्या उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. जवळ घेतेय असं वाटलं. पण पायरी आली तशी तिची बोटं रुतली. तिला पायरी दिसत नव्हती.

तो उभा राहिला. "ताई, माझं काही चुकलं का चालवताना?"

आत्यानं माझ्याकडे तोंड केलं.

"नाही भाऊ," मी म्हणाले. "इंजेक्टरचा आकडा चुकीचा होता. आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."