एकाच दिवशी आजारी पडलेली मुलं

परीक्षेच्या सकाळी चौथीच्या बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. मागचे बाक रिकामे. कोण आलं नाही, हे हजेरी न घेताच कळत होतं. वाचताना अडखळणारी, हातचा विसरणारी, तेवढीच नेमकी आज आजारी पडली होती.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, काल काही घरी फोन केल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी ती कानाआड केली होती.

गेल्या वर्षी या सरकारी शाळेची सरासरी घसरली होती. यंदाही घसरली तर शाळेला टाळं, असा वरून निरोप होता. तेव्हापासून चित्रकलेचा तास गेला, गाणी गेली, गोष्टींची पुस्तकं कपाटात गेली. मुलं दिवसभर उत्तरांपुढचे गोल काळे करत बसायची. घोकंपट्टीला जन्मभर नावं ठेवणाऱ्या बाई आता स्वतःच पोपट पढवत होत्या.

तेवढ्यात दारात का-ताई उभी राहिली. ऊठसूट ‘का?’ विचारते म्हणून वर्गानेच तिला हे नाव पाडलं होतं. सरावाला ती पहिल्याच प्रश्नापाशी अडायची. टाकी एका नळाने भरते आणि दुसऱ्याने रिकामी होते म्हटलं, की हिचं सुरू: मग दुसरा नळ बंद का करत नाहीत? वेळ संपायचा आणि गोल पांढरेच राहायचे.

“बाई, आईला फोन आला, मी आजारी आहे म्हणून. घरी मावशीने कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, ठणठणीत आहेस, जा शाळेत. मी आजारी का आहे?”

बाई काही सांगणार तोच पोरगी जागेवर जाऊन बसलीसुद्धा.

मोठ्या बाईंनी दारातून तिला पाहिलं आणि चौथीच्या बाईंना बाहेर बोलावलं. “हिला घरी पाठवा. निरीक्षक फाटकापाशी आलेत.”

“काय सांगून पाठवू?”

“काहीही सांगा! आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? निदान आड तरी वाचवू या.” त्यांनी फाटकाकडे पाहिलं. “मला का हौस आहे? शाळा बंद पडली तर हीच पोरं उघड्यावर येतील.”

ते खोटं नव्हतं. पाय ओढत चौथीच्या बाई आत आल्या. का-ताईच्या बाकाशी वाकल्या, तोच व्हरांड्यात बूट वाजले.

निरीक्षक आत आले. प्रश्नपत्रिकांचं मोहोरबंद पाकीट टेबलावर ठेवून त्यांनी मागच्या बाकांवर नजर टाकली. “एवढी गैरहजेरी?”

“तापाची साथ आहे, साहेब,” मोठ्या बाई म्हणाल्या.

का-ताईचा हात वर गेला. चौथीच्या बाईंनी ‘गप्प बस’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीने ऐकलंही असतं, आणि पुन्हा कधी तिने हात वर केला नसता.

“साथ नाही, साहेब,” बाईच बोलून गेल्या. “त्यांना आज येऊ नका म्हणून सांगितलंय. कच्ची आहेत म्हणून.”

मोठ्या बाईंनी भिंतीला हात टेकला. निरीक्षकांनी पाकीट उचलून पुन्हा पिशवीत घातलं.

पुढच्या आठवड्यात सगळ्या मुलांना बसवून परीक्षा झाली. सरासरी घसरायची तेवढी घसरली. मोठ्या बाईंची बदली झाली. निघताना त्या म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात. आता ते निस्तराही तुम्हीच.”

वर्ष सरताच शाळा बंद झाली आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत कोंबली गेली. बाईंनाही तिथेच धाडलं. परीक्षेला घरी ठेवलेल्या एका मुलाच्या आईने त्यांना रस्त्यात गाठलं. “माझ्या पोराला कच्चा म्हणालात, ते म्हणालात. वर शाळाही घालवलीत. हा रस्ता त्याने एकट्याने ओलांडायचा कसा?”

दुसऱ्या दिवशी बाई घरून लवकर निघाल्या आणि रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. तो मुलगा आला, मागोमाग आणखी दोघं-तिघं. ट्रक धडधडत जात होते. बाईंनी एक हात आडवा धरला, दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट पकडलं आणि रस्ता मोकळा व्हायची वाट पाहू लागल्या.